फेब्रुवारीतला एक कागद

प्रति,
मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,



मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. या नोकरीला चिकटून आलेलं एक बिनपगारी काम आहे. परदेशी शिकायला जाऊ पाहणारी मुलं आपापले एसओपी, म्हणजे 'हाच अभ्यासक्रम मला का करायचाय' हे सांगणारं दीड-दोन पानी निवेदन, माझ्याकडे तपासायला आणतात. पहिल्या वर्षी एकच मुलगी आली होती. आता दिवाळी झाली की सात-आठ जण येतात. त्यांतले निम्म्याहून अधिक जण आपल्या विभागाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीकडे डोळे लावून असतात, म्हणून हे पत्र आपल्याला.

एसओपी तपासणं सोपं असतं. 'लहानपणापासून मला समाजसेवेची आवड' हे वाक्य खोडलं की अर्धं काम झालं. अवघड दिवस येतात ते होळीनंतर. फोन वाजतो, "मॅडम, ऑफर आली!" माझं अभिनंदन पुरतं तोंडातून बाहेर पडायच्या आत पलीकडून दुसरं वाक्य येतं, "पण डिपॉझिट भरायचंय."

डिपॉझिट म्हणजे जागा आपल्या नावावर राखून ठेवण्यासाठी विद्यापीठाला आगाऊ द्यायची रक्कम. गेलात तर ती फीत वळती होते, नाही गेलात तर बहुधा बुडते. ब्रिटनमध्ये ती विद्यापीठागणिक बदलते. कुठे हजार पौंड, कुठे दोन हजार, कुठे त्याहून जास्त. दोन हजार पौंड म्हणजे सव्वादोन लाख रुपयांच्या आसपास. ती भरायला काही आठवड्यांची मुदत मिळते, आणि ही मुदत संपते एप्रिल-मेमध्ये. शिष्यवृत्त्यांचे निकाल लागतात जून-जुलैत, काहींचे त्याच्याही पुढे. म्हणजे जायचं की नाही हे आधी ठरवायचं, आणि जाता येईल की नाही हे नंतर कळणार.

चार वर्षांपूर्वीची एक मुलगी सांगते. वडील एसटीत कंडक्टर, आई आशा कार्यकर्ती. तिच्या हातात ब्रिटनमधल्या दोन विद्यापीठांच्या ऑफर होत्या. एक तिला हव्या असलेल्या सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमाची, डिपॉझिट दोन हजार पौंड, मुदत दहा मे. दुसरीला डिपॉझिट नव्हतं, पण तो विषयही तिचा नव्हता. शिष्यवृत्तीचे अर्ज तीन ठिकाणी केलेले, आणि दहा मेपर्यंत एकाचाही निकाल लागणार नव्हता. वडील ड्यूटीवरून थेट माझ्याकडे आले, खाकी कपड्यांतच. तिकिटाचं मशीन मांडीवर ठेवून बसले आणि म्हणाले, "मॅडम, मिळंल का हिला? तुम्ही हो म्हणा, मी भरतो." जन्मात मला कुणी इतका अवघड प्रश्न विचारलेला नाही. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि पैसे भरले.

जुलैअखेर एका खासगी न्यासाचं पत्र आलं. निम्मा खर्च ते देणार होते. उरलेल्या निम्म्यासाठी बँक गाठली, तर साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागतं. जमीन आजोबांच्या नावावर, सातबाऱ्यावर सहा वारस, त्यांतले दोन पुण्यात आणि एकाशी बोलणं बंद. मुलगी गेली नाही. विद्यापीठाला पत्र लिहिलं, डिपॉझिट परत द्या. उत्तर सभ्य होतं. व्हिसा नाकारला गेला असेल तर त्याचं पत्र जोडा, रक्कम परत करू. तिचा व्हिसा कुणी नाकारला नव्हता, कारण तिने अर्जच केला नव्हता. पतसंस्थेचे हप्ते अडीच वर्षं चालले.

त्याच वर्षीचा एक मुलगा शहाणा निघाला. घरात पैसे नाहीत, अंदाजावर कर्ज काढणार नाही, असं म्हणून त्याने मेमध्येच जागा सोडली. जूनच्या शेवटी एका दुसऱ्या न्यासाने त्याला निवडल्याचं कळवलं. जागा तोवर दुसऱ्या कुणाची झाली होती. पुढच्या वर्षासाठी नव्याने अर्ज करा, असं न्यासाचं म्हणणं. त्याने तो केला नाही, आणि मीही आग्रह धरला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि तिसऱ्या प्रकारची मुलं असतात, ज्यांच्या घरी 'भरून तर ठेवू, बघू पुढे' असं म्हणत दोन लाख भरता येतात. त्यांना जुलैत शिष्यवृत्ती मिळाली तर ती घेतात, नाही मिळाली तर मामा-काका आहेत. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, त्यांच्यातही हुशार मुलं आहेत. पण जुलैत निवडीच्या यादीपर्यंत जागा हातात ठेवून पोचतो कोण, याकडे आपण एकदा पाहावं. आपल्या नियमांत उत्पन्नाची अट लिहिलेली असते, आठ लाख की सहा लाख यावर विधिमंडळात भांडणं होतात. तारखेत दडलेली अट मात्र कुठेच लिहिलेली नसते, आणि ती बरोबर उलटी चालते. जो जितका गरीब, तितका तो यादीच्या आधीच गळतो.

अमेरिकेतली गंमत आणखी वेगळी. तिथल्या पदव्युत्तर विद्यापीठांची 'काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स' नावाची संघटना आहे. १९६० च्या दशकापासून तिचा एक ठराव आहे. ज्या विद्यार्थ्याला विद्यापीठाने प्रवेशासोबत आर्थिक मदत देऊ केली आहे, त्याच्यावर १५ एप्रिलच्या आत होकार द्यायची सक्ती करायची नाही. चार ठिकाणचे प्रस्ताव येऊ देत, समोर मांडून बघू दे, मग ठरवू दे. किती समंजस नियम! पण त्याचं संरक्षण पैशांसकट आलेल्या प्रस्तावाला आहे, म्हणजे मुख्यतः पीएच.डी. करणाऱ्यांना. स्वखर्चाने एम.एस. करायला निघालेल्या मुलाला विद्यापीठ मार्चमध्येही 'दोन आठवड्यांत कळवा' म्हणू शकतं. ज्याला पैसे मिळाले त्याला विचार करायला वेळ, आणि ज्याला पैसे शोधायचेत त्याला घाई.

डिपॉझिटपाशी गोष्ट संपली असती तरी बरं. पुढे व्हिसा असतो. ब्रिटिश नियम असा की वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात पडून असलेला दाखवायचा. २०२५ च्या सुरुवातीला लंडनसाठी हा आकडा महिन्याला १,४८३ पौंड होता. नऊ महिन्यांचे झाले १३,३४७, आपले साधारण पंधरा लाख, आणि फी वेगळी. २८ दिवसांत एक दिवस जरी रक्कम खाली उतरली तरी अर्ज बाद. मग जिल्ह्याच्या ठिकाणी 'फंड दाखवून देणारे' लोक भेटतात. महिनाभरासाठी पैसे खात्यात ठेवायचे, वर टक्केवारी घ्यायची. ब्रिटनच्या किंवा विद्यार्थ्याच्या मायदेशाच्या सरकारने खर्चाची लेखी हमी दिलेली असेल तर मात्र यातलं काहीच करावं लागत नाही. अधिकृत पुरस्कर्त्याचं पत्र जोडलं की २८ दिवसांची अट त्या रकमेपुरती सुटते. तेच डिपॉझिटचं. अनेक ब्रिटिश विद्यापीठं सरकारी पुरस्कर्त्याचं पत्र पाहिल्यावर डिपॉझिट मागत नाहीत. मंत्रिमहोदय, आपल्या विभागाच्या लेटरहेडवरचं एक पान सव्वादोन लाखांचं काम करतं. फक्त ते वेळेवर हातात असावं लागतं.

(जाता जाता एक. आपल्या योजनेत ब्रिटनमधल्या राहण्या-जेवण्यासाठी वर्षाला ९,९०० पौंड धरलेले असतात, गेली कित्येक वर्षं तेवढेच. लंडनच्या व्हिसाला २०२५ च्या सुरुवातीला नऊ महिन्यांचे १३,३४७ लागत होते आणि आपण वर्षाचे ९,९०० देतो. हा वेगळ्या पत्राचा विषय आहे, म्हणून इथे थांबते.)

आता आपल्या योजनेकडे येते. २००३ साली ती सुरू झाली, आज दरवर्षी ७५ मुलं-मुली तिच्यातून जातात. फी, निर्वाह, विमानाचं तिकीट, सगळं शासन देतं. खासगी न्यासांसारखं निम्मं-पाव करत नाही. महाराष्ट्राने काढलेल्या चांगल्या योजनांत मी हिला फार वरचं स्थान देते, आणि माझ्या वर्गातल्या मुलांना तसं सांगतेही. तिची अडचण एकच आहे. जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेंत असलेल्या विद्यापीठाचं विनाअट प्रवेशपत्र आधी आणा, मग अर्ज करा, असा तिचा क्रम आहे. म्हणून जाहिरात निघते उन्हाळ्यात, अर्जाची मुदत संपते जून-जुलैकडे, आणि निवडीची यादी त्यानंतर. ब्रिटनमधले वर्ग सप्टेंबरात सुरू होतात, अमेरिकेतले बरेचसे ऑगस्टअखेर. एसओपी लिहायला मुलं आदल्या ऑक्टोबरात बसलेली असतात. या दहा-अकरा महिन्यांपैकी साडेनऊ महिने ती शासनाच्या भरवशावर असतात, पण हातात शासनाचा एक कागद नसतो.

'विनाअट' या शब्दाचाही एक काच आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागेपर्यंत विद्यापीठं सशर्त ऑफर देतात. काही ठिकाणी डिपॉझिट भरणं हीच एक शर्त असते, ते भरलं की पत्र विनाअट होतं. म्हणजे गरिबांसाठीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज करता यावा म्हणून आधी दोन लाख भरायचे. नियम लिहिणाऱ्याच्या मनात असं काही नव्हतं, याची मला खात्री आहे. पण कागदावर तसंच झालं आहे.

आपले अधिकारी यावर काय म्हणतील ते मला माहीत आहे, मीही वीस वर्षं शासनाच्या अनुदानावर पगार घेते आहे. म्हणतील, प्रवेश झालेला नसताना जनतेचा पैसा कुणाच्या नावावर टाकायचा? ७५ निवडले आणि ३० जणांना प्रवेशच मिळाला नाही तर? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत आहे. तिथे उमेदवार प्रवेशाच्या आधीच अर्ज करतो, हिवाळ्यात छाननी आणि पुढे मुलाखती होतात, आणि निवड झाल्यावर अमुक तारखेपर्यंत विनाअट ऑफर आणा, नाहीतर निवड रद्द, अशी अट असते. आणली नाही तर सरकारचा एक पैसाही जात नाही. प्रतीक्षा यादीतला पुढचा उमेदवार तयारच असतो.

पण लंडनपर्यंत जायची गरज नाही, बडोदा पुरेसं आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांना परदेशी शिकायला पाठवायचं ठरवलं, महिन्याला साडेअकरा पौंडांप्रमाणे तीन वर्षं. जूनमध्ये करारावर सही झाली आणि जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. कोलंबियाची पायरी चढण्याआधी पैशाचा प्रश्न बडोद्यात मिटलेला होता. त्या संस्थानाच्या कारभाऱ्याने 'आधी कोलंबियाचं विनाअट पत्र आणा' असं म्हटलं असतं, तर पुढचं काय काय झालं नसतं, याची यादी आपल्या विभागाच्या भिंतीवरच्या तसबिरीखाली उभं राहून करता येईल.

आणि त्याच चरित्रात उलट धडाही आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेबांना लंडनमधला अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावं लागलं. लंडन विद्यापीठाने चार वर्षांत परत येण्याची सवलत दिली. मधली वर्षं गेली कशात? पैसे जमवण्यात. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून शिल्लक टाकली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिलं, आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा बोटीवर चढले. म्हणजे आपल्या योजनेला ज्यांचं नाव आहे, त्यांनी हा प्रश्न अगदी जवळून पाहिला होता. गुणवत्ता आहे, प्रवेश आहे, आणि पैसे मात्र उशिराने येतात. लंडन विद्यापीठाने तेव्हा चार वर्षं जागा राखली. आजची विद्यापीठं चार आठवडे राखतात.

तर माझी मागणी. निवड दोन टप्प्यांत करा. जाहिरात ऑक्टोबरात, अर्ज डिसेंबरपर्यंत. जात, उत्पन्न, गुण, आधीच्या पदव्या या गोष्टी तपासायला परदेशी विद्यापीठाच्या पत्राची गरज नाही, ती सगळी कागदपत्रं इथलीच आहेत. फेब्रुवारीत दीडशे जणांची तात्पुरती यादी लावा आणि पहिल्या ७५ जणांना एक पान द्या: 'सदर उमेदवारास निकषांत बसणाऱ्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्यास त्यांचे शिक्षण शुल्क व निर्वाहखर्च महाराष्ट्र शासन वहन करेल.' खाली सही, शिक्का आणि विद्यापीठाला खातरजमा करता येईल असा ईमेल. प्रवेशपत्र आणायची शेवटची तारीख ३० जून. ज्याने आणलं नाही त्याची जागा प्रतीक्षा यादीला. अंदाजपत्रक मार्चमध्येच मंजूर होतं, तेव्हा पैशांची तरतूद कोणत्या वर्षातली, हा गोंधळही होणार नाही. यात नवा खर्च कोणता? मला तरी दिसत नाही.

एक विनंती मात्र जोडून. नियम ज्या वर्षासाठी आहेत, त्या वर्षाच्या ऑक्टोबरात ते छापलेले असू देत. २०२४ च्या उन्हाळ्यात पंचाहत्तर टक्के गुणांची अट आणि पदव्युत्तरसाठी ३० लाख, पीएच.डी.साठी ४० लाखांची मर्यादा जाहिरातीत अवतरली, तेव्हा मुलांनी आपापली विद्यापीठं निवडून झालेली होती. विरोध झाला, काही जाचक अटी मागेही घेतल्या गेल्या, ते योग्यच झालं. पण मधल्या आठवड्यांत माझ्या ओळखीच्या घरांतून जी झोप उडाली, ती कुणी परत दिली नाही. मर्यादा असावी की नसावी यावर वाद होऊ शकतो, मलाही त्यात दोन्ही बाजू दिसतात. ती जूनमध्ये सांगू नये, यावर वाद होऊ नये.

दिल्लीचं उदाहरण समोर आहेच. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत २०२५ साली १०६ जणांची निवड झाली, आणि जुलैत बातम्या आल्या की त्यांतल्या चाळीसेक जणांनाच तात्पुरती पत्रं मिळाली आहेत, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास. जुलैमध्ये 'झाल्यास' म्हणजे काय, हे ज्याच्या सामानाच्या बॅगा भरून झाल्यात त्यालाच कळतं. राज्यात बहुजन कल्याण, आदिवासी विकास, उच्च व तंत्रशिक्षण हे विभाग आणि सारथी संस्था यांच्याही परदेश शिष्यवृत्त्या आहेत. आपल्या विभागाने फेब्रुवारीचा पायंडा पाडला तर त्यांनाही तो सहज उचलता येईल. या सगळ्या योजनांसाठी समान धोरणाची भाषा शासनानेच केली आहे. समान करायचंच तर आधी कॅलेंडर समान करा.

तोवर आम्ही आमचे उपाय करतो. मुदतवाढ मागायची असते, हेच आमच्याकडच्या मुलांना ठाऊक नसतं. विद्यापीठाची तारीख त्यांना बोर्डाच्या परीक्षेसारखी वाटते, एकदा छापली की छापली. मी त्यांना बसवून ईमेल लिहून घेते: मी अमुक शिष्यवृत्तीसाठी अर्ज करते आहे, निर्णय बाकी आहे, डिपॉझिटची मुदत वाढवून मिळावी. दहापैकी पाच-सहा वेळा ती मिळते. पलीकडे माणसंच असतात, आणि विद्यार्थी त्यांनाही हवेच असतात. ज्या मुलांना इंग्रजीत चार ओळी लिहायची भीती वाटते, ती मात्र मागतच नाहीत आणि गळतात. तेव्हा माझं खरं काम एसओपी तपासणं नसून हेच आहे, असं आताशा वाटतं.

यंदाही एक मुलगी आहे. लातूरच्या एका वसतिगृहात राहून शिकली, आपल्या योजनेला अर्ज करणार आहे. उद्या रात्री साडेनऊला, म्हणजे लंडनला संध्याकाळचे पाच वाजतील तेव्हा, तिची डिपॉझिटची मुदत संपते. आम्ही मुदतवाढ मागितली होती. काल उत्तर आलं. प्रवेश विभागातल्या बाईंनी फार आपुलकीने लिहिलंय की मुदत वाढवायला आमची हरकत नाही, फक्त सोबतचा छोटा फॉर्म भरून पाठवा. फॉर्ममध्ये चार रकाने आहेत. नाव, अर्ज क्रमांक, पुरस्कर्त्याचं नाव. हे तीन आम्ही भरले. चौथा आहे, पुरस्कर्त्याचा निर्णय ज्या तारखेला कळेल ती तारीख.

तो रकाना मोकळा ठेवून ती माझ्यासमोर बसली आहे. आपल्या कार्यालयातून तारीख कळली, तर फॉर्म उद्या साडेनऊच्या आत जाईल.

आपली विश्वासू,
मराठवाड्यातली एक इंग्रजीची शिक्षिका